मोठ्या इमारतींच्या विजेचा हिशेब मुंबईकरांसमोर मांडा : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, मुंबई.

विषय : मोठ्या इमारतींचा वार्षिक ऊर्जावापर व त्यातून होणारे कर्बउत्सर्जन इमारतनिहाय नोंदवून जाहीर करण्याबाबत.

महोदय,

मुंबईचा वातावरण कृती आराखडा १३ मार्च २०२२ रोजी जाहीर झाला. २०१९ हे आधारवर्ष धरून शहराचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी आणि २०४० पर्यंत ४४ टक्क्यांनी कमी करायचे व २०५० मध्ये ते निव्वळ शून्यावर आणायचे, असे वचन त्यात महापालिकेने मुंबईकरांना दिले. त्याच आराखड्यातील गणनेनुसार २०१९ साली शहराचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते आणि त्यातील सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा ऊर्जेचा, म्हणजे मुख्यतः इमारतींमध्ये वापरल्या जाणाऱ्या विजेचा व इंधनाचा होता. आपल्या उत्सर्जनाचा एवढा मोठा भाग कोठून येतो हे ज्या शहराने स्वतःच लिहून ठेवले आहे, त्या शहरात नरिमन पॉइंट, लोअर परळ, वांद्रे-कुर्ला संकुल किंवा पवई येथील कोणत्या इमारतीने गेल्या वर्षी किती वीज वापरली, हे जाणून घेण्याचा मार्ग नागरिकाला आजही उपलब्ध नाही. ही माहिती अस्तित्वात नसती तर मी गप्प बसले असते. ती आहे, दर महिन्याला नव्याने तयार होते, आणि तरीही ती एकत्र आणण्याचे काम कोणीही अंगावर घेत नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

माझा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. व्यवसायाने मी ऊर्जा लेखापरीक्षक आहे. या शहरातील कार्यालयीन इमारती, हॉटेले, मॉल आणि रुग्णालये यांच्या तळघरांतील चिलर (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारी यंत्रे), पंप, पॅनेल आणि डिझेल जनरेटर तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. राहायला मी चेंबूरला आहे. ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्रातील ५०० आणि २५० मेगावॉटचे कोळशावर चालणारे संच आमच्या शेजारी आहेत, तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, आणि आमच्या भागाला लोक ‘गॅस चेंबर’ का म्हणतात हे येथील कोणताही शाळकरी मुलगा सांगेल. चेंबूरच्या हवेला विजेखेरीज इतरही अनेक कारणे आहेत, ती मी विसरत नाही. परंतु दिवसभर काचेच्या इमारतीत गरजेपेक्षा जास्त थंड केलेल्या हवेचे आकडे टिपायचे आणि संध्याकाळी त्या विजेचा काही भाग जिथे जळतो त्या धुराड्यांखाली घरी यायचे, असा ज्याचा दिनक्रम आहे त्याला ‘ऊर्जेचा वाटा सत्तर टक्के’ हे वाक्य केवळ आकडा म्हणून वाचता येत नाही.

मोठ्या इमारतीचा ऊर्जावापर जोखण्याचे रूढ माप सोपे आहे : वर्षभरात वापरलेले युनिट भागिले इमारतीचे क्षेत्रफळ. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने, म्हणजे बीईईने, २००९ साली कार्यालयीन इमारतींसाठी तारांकन योजना आणली ती याच मापावर. मुंबईसारख्या उष्ण व दमट हवेत, निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेल्या कार्यालयीन इमारतीला त्या योजनेच्या मूळ मोजपट्टीत चौरस मीटरमागे वर्षाला २०० युनिटच्या आत वापर असेल तर एक तारा आणि १०० युनिटच्या आत असेल तर पाच तारे मिळत. योजना ऐच्छिक होती आणि ऐच्छिकच राहिली, त्यामुळे ज्यांचा निकाल चांगला लागणार होता तेच परीक्षेला बसले. उरलेल्यांची इयत्ता कोणती हे कोणालाच कळले नाही.

आता या भागाकारातील अंश आणि छेद कोणाकडे आहेत ते पाहा. अंश, म्हणजे युनिट, वीज वितरण कंपन्यांकडे आहेत. शहर भागात कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बहुतांश वीज बेस्ट पुरवते, आणि बेस्ट हा महापालिकेचाच उपक्रम आहे. उपनगरांत अदानी आणि टाटा, तर भांडुप-मुलुंडकडे महावितरण. छेद, म्हणजे क्षेत्रफळ, आपल्याच करनिर्धारण व संकलन खात्याकडे आहे. २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित मालमत्ता कर आकारण्यासाठी प्रत्येक मालमत्तेचे क्षेत्रफळ, वापराचा प्रकार आणि बांधकामाचे वर्ष या खात्याने नोंदवलेले आहे. एका बाजूला ग्राहक क्रमांक, दुसऱ्या बाजूला मालमत्ता क्रमांक. या दोन नोंदवह्या एकमेकींसमोर उघडून ठेवण्याचे काम आजवर झालेले नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

हे काम आपोआप होणारे नाही, हेही मला मान्य आहे. ज्यांनी एखाद्या व्यापारी इमारतीची मीटर रूम पाहिली आहे त्यांना ठाऊक असते की तेथे एका इमारतीचे एक मीटर नसते. वीस मजल्यांच्या इमारतीत प्रत्येक गाळ्याचे, प्रत्येक भाडेकरूचे वेगळे मीटर असते; लिफ्ट, पंप आणि जिन्यांतील दिवे कॉमन मीटरवर असतात; मध्यवर्ती चिलरचे उच्चदाबाचे मीटर मालकाच्या नावावर असते आणि भाडेकरूला थंड पाण्याचे बिल थंडाव्याचे प्रमाण मोजणाऱ्या बीटीयू मीटरवरून वेगळे लावले जाते. उपनगरांत तर एकाच इमारतीतील काही ग्राहक एका कंपनीचे आणि काही दुसऱ्या कंपनीचे असतात, कारण तेथे ग्राहकाला पुरवठादार बदलण्याची मुभा आहे. त्यामुळे मालकाला मनापासून वाटले तरी स्वतःच्या संपूर्ण इमारतीचा वापर त्याला सांगता येत नाही. भाडेकरूंची बिले त्याच्याकडे येतच नाहीत. मी केलेल्या तपासण्यांमध्ये निम्मा वेळ यंत्रे मोजण्यात जातो आणि निम्मा वेळ भाडेकरूंकडून बिलांच्या छायाप्रती गोळा करण्यात. वितरण कंपनीच्या संगणकात मात्र त्या सर्व मीटरांचे आकडे एकाच पत्त्याखाली आधीपासून असतात. ते इमारतनिहाय एकत्र करून बेरीज तेवढी देण्याचे बंधन कंपनीवर घातले, तर ज्या कामाला मला आठवडे लागतात ते तिला अर्ध्या दिवसाचे आहे. एका मोठ्या संकुलाच्या मालकाच्या लेखी संमतीसह मी ही बेरीज एका वितरण कंपनीकडे मागितली होती. ग्राहकांची माहिती गोपनीय असते, असे एका ओळीचे उत्तर आले. मी एकाही ग्राहकाची माहिती मागितली नव्हती.

दुसरी तक्रार जबाबदारीच्या वाटणीविषयी आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातील इमारतीचेच उदाहरण घ्या. तिच्या बांधकामाची परवानगी एमएमआरडीए या प्रादेशिक विकास प्राधिकरणाची, मालमत्ता कर महापालिकेचा, वीज खासगी कंपनीची, वीजशुल्क राज्य शासनाचे, दर ठरवणार महाराष्ट्र वीज नियामक आयोग, आणि २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याची राज्यातील अंमलबजावणी पुण्याच्या महाऊर्जा या राज्य शासनाच्या संस्थेकडे. त्या इमारतीत राहणारी कंपनी शेअर बाजारातील पहिल्या हजारांत असेल तर ती २०२२-२३ पासून सेबीच्या नियमानुसार आपला ऊर्जावापर व उत्सर्जन वार्षिक अहवालात देतेही. मात्र तो संपूर्ण कंपनीचा एकत्रित आकडा असतो, त्यात जामनगरचा कारखाना आणि मुंबईचे मुख्यालय एकाच बेरजेत विरघळून जातात. सात दारांवर फिरल्यावर प्रत्येक ठिकाणी कळते की हा विषय शेजारच्या दाराचा आहे. यातील प्रत्येक संस्थेचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे, आणि तरीही २०५० चे वचन यांपैकी फक्त महापालिकेने दिलेले आहे. ज्याने वचन दिले त्याने इतरांना एका टेबलाशी बोलवावे, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

कायद्याचा आधार नाही, असेही म्हणता येणार नाही. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता केंद्राने २००७ मध्ये आणली व २०१७ मध्ये सुधारली. ऊर्जा संवर्धन कायद्यातील दुरुस्ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली आणि १०० किलोवॉट जोडभार (जोडलेल्या सर्व उपकरणांची एकूण क्षमता) किंवा १२० केव्हीए करारमागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) यांपासून पुढच्या इमारती, त्यांत मोठ्या निवासी इमारतीही, तिच्या कक्षेत आल्या. तरीही या संहितांचा सगळा भर इमारत बांधताना भिंत कशी असावी, काच कोणती असावी, चिलर किती कार्यक्षम असावा यावर आहे. इमारत एकदा उभी राहिली आणि तिला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले की पुढची चाळीस-पन्नास वर्षे ती किती वीज खाते हे विचारणारा कोणी उरत नाही. मुंबईत २०३० साली ज्या इमारती असतील त्यांतील बहुसंख्य आजच उभ्या आहेत.

‘हरित इमारत’ म्हणून लॉबीत लावलेल्या पाट्यांविषयी मी फार लिहीत नाही. आराखड्यावर आणि बांधकामावर मिळालेल्या मानांकनाची ती पाटी असते, आणि तिच्याखाली त्या इमारतीचा गेल्या वर्षीचा वापर लिहिलेला मी पाहिलेला नाही. अशी पाटी असलेल्या एका इमारतीत पंपांचा वेग गरजेनुसार कमी-जास्त करणारे व्हीएफडी कोणीतरी बायपास करून ठेवले होते आणि सर्व पंप बारा महिने पूर्ण वेगाने फिरत होते. तक्रार येऊ नये म्हणून, असे कारण चीफ इंजिनिअरने दिले. त्याचेही चुकले नव्हते : कोणी गरम होते म्हणाले तर त्याला फोन येतो, वीस टक्के वीज वाया गेली तर येत नाही.

तिसरी तक्रार लेखापरीक्षणाच्या अहवालांविषयी आहे, आणि ती माझ्या व्यवसायाविरुद्धही जाते. मोठ्या इमारतींचे ऊर्जा लेखापरीक्षण होत नाही असे नाही. होते, आणि बऱ्याचदा चांगले होते. काही वर्षांपूर्वी मी शहरातील एका व्यापारी संकुलाचा अहवाल दिला. त्यात कंडेन्सर साफ करणे, कूलिंग टॉवरचे फिल बदलणे, रात्री दहानंतर रिकाम्या मजल्यांवर थंड हवा सोडणारे एएचयू बंद करणे, अशा विशेष खर्च नसलेल्या सूचना पहिल्या पानावर होत्या. पुढे त्याच संकुलात दुसऱ्या कामासाठी गेले तेव्हा अहवाल व्यवस्थापकाच्या कपाटात प्लॅस्टिकच्या वेष्टनासह होता आणि त्याच रिकाम्या मजल्यांवर थंड हवा वाहत होती. यात कोणाचा दुष्टपणा नाही. वीजबिल भाडेकरूंमध्ये वाटले जाते, त्यामुळे मालकाला बचतीत रस नाही. भाडेकरूचा यंत्रांवर ताबा नाही, त्यामुळे त्याला उपाय नाही. हा तिढा सोडवायला तिसऱ्या कोणाची तरी नजर लागते, आणि आकडे जाहीर असतील तर ती नजर आपोआप पडते. भाड्याने जागा घेणारी कंपनी दोन इमारतींचे दर चौरस फुटाचे भाडे जसे ताडून पाहते, तसा दर चौरस मीटरचा वापरही ताडून पाहील.

त्यातून किती फरक पडेल, याचा अंदाज यावा म्हणून एक काल्पनिक इमारत घेते. क्षेत्रफळ २०,००० चौरस मीटर, वापर चौरस मीटरला २५० युनिट. म्हणजे वर्षाला ५० लाख युनिट. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्या हिशेबाने ही एक इमारत वर्षाला ३,५०० टनांची धनी झाली. तिचा वापर १५० वर आला तर २० लाख युनिट आणि १,४०० टन वाचतील, आणि युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला दोन कोटी रुपये. एवढी घट एका वर्षात होत नाही, चिलर बदलावे लागतात. तरी तिचा पहिला हिस्सा यंत्रे न बदलता, ती शिस्तीने चालवून मिळतो, हा माझा अनुभव आहे.

चौथी तक्रार गणनेच्या अपुरेपणाची आहे. उत्सर्जन म्हणजे केवळ वीज, असे धरून चालले तर दोन गोष्टी निसटतात. पहिली, डिझेल. प्रत्येक लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि जनरेटर शहराच्या मध्यात, लोकांच्या नाकाशी चालतो. त्याच्या तासांचे लॉगबुक प्रत्येक इमारतीत असते, ते कोणी मागत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर असून तिची चर्चा जवळजवळ होतच नाही : चिलरमधील शीतकारक वायू. अनेक मोठ्या चिलरमध्ये आर-१३४ए हा वायू असतो. त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे ते पंधराशे पट आहे. एखाद्या चिलरमधून वर्षभरात ५० किलो वायू गळाला, आणि जुन्या यंत्रांत हे काही अघटित नाही, तर सुमारे ७० टन कार्बन डायऑक्साइडइतकी हानी होते. वर दिलेल्या दराने ती एक लाख युनिट वीज वापरल्याच्या बरोबरीची आहे. या गळतीचा पुरावा कोठे असतो? देखभालीच्या कंत्राटदाराने वर्षभरात किती सिलिंडर वायू भरला त्याच्या बिलांत. वीजबिल एक लाख युनिटने वाढले असते तर लेखा विभागाने विचारणा केली असती. वायूचे बिल ‘मेंटेनन्स’ या शीर्षाखाली मुकाट मंजूर होते. वार्षिक विवरणपत्रात युनिट, डिझेलचे लिटर, पाइप गॅस आणि भरलेला शीतकारक वायू असे चार रकाने असावेत, असा माझा आग्रह आहे.

पाचवी तक्रार थेट आपल्याकडे आहे. के.ई.एम., नायर, सायन आणि कूपर ही रुग्णालये, सर्व विभाग कार्यालये, नाट्यगृहे, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरचे १८९३ सालचे मुख्यालय, या सर्व इमारतींची बिले महापालिका स्वतः भरते. येथे कोणाची गोपनीयता आड येत नाही आणि कोणाची संमती लागत नाही. २०२४ साली महापालिकेने पहिला वातावरणविषयक अर्थसंकल्पीय अहवाल काढला, त्याचे मी मनापासून स्वागत केले होते. कोणत्या कामावर किती खर्च होणार हे त्यातून कळू लागले. तो खर्च झाल्यावर कोणत्या इमारतीचे किती युनिट कमी झाले, हेही त्याच तपशिलाने कळले पाहिजे. खासगी मालकांकडून हिशेब मागण्याआधी आपला हिशेब मांडलेला असणे बरे.

या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात त्यांतील दोन मला वजनदार वाटतात. एक, की कच्चे आकडे अन्यायकारक असतात. चोवीस तास चालणारे कॉल सेंटर आणि सकाळी नऊ ते सहा चालणारे बँकेचे कार्यालय यांची चौरस मीटरमागची तुलना चुकीची आहे, आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयाला कार्यालयाच्या पंगतीत बसवणे तर हास्यास्पद. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तरही तयार आहे : बीईईने कॉल सेंटरसाठी चालू तासांवर आधारलेले वेगळे माप केले आहे, रुग्णालये व मॉल यांचे वेगळे वर्ग आहेत. यादी वापरानुसार वर्ग पाडूनच प्रसिद्ध करावी, आणि इमारतीच्या तळघरात डेटा सेंटर असेल तर त्याचा वापर वेगळा दाखवण्याची मुभा मालकाला द्यावी. दुसरा आक्षेप निवासी सोसायट्यांचा आहे. अग्निसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याखाली जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म ‘बी’ भरा, इमारत तीस वर्षांची झाली की महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब खाली संरचनात्मक तपासणी करा, लिफ्टची तपासणी करा, आणि त्यात आता हे. सोसायटीच्या मानद चिटणीसाचे हाल मी घरातच पाहिले आहेत. म्हणून निवासी इमारतींना पहिल्या टप्प्यात वगळावे असेच मी सुचवेन. व्यापारी संकुलांना मात्र हीच उदाहरणे उलट लागू पडतात. जे व्यवस्थापन दर सहा महिन्यांनी स्प्रिंकलरचा दाब परवानाधारकाकडून तपासून घेते, त्याला वर्षातून एकदा चार आकडे कळवणे जड जाऊ नये.

तिसरा आक्षेप, व्यापारी गुपिताचा, मला पटत नाही. इमारतीच्या एकूण वार्षिक युनिटांवरून कोणत्या भाडेकरूने काय केले हे कोणालाही ओळखता येत नाही. न्यूयॉर्क शहराने २००९ च्या कायद्याने ५०,००० चौरस फुटांवरील आणि पुढे २५,००० चौरस फुटांवरील इमारतींना हा हिशेब देणे सक्तीचे केले; ते आकडे इमारतीच्या पत्त्यासह दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि इमारतीची श्रेणी इंग्रजी अक्षरात मोठी छापून दर्शनी दाराशी लावावी लागते. तेथील व्यापार त्याने बुडाला नाही. या नोंदी अनेक वर्षे साठल्यानंतरच, २०१९ मध्ये, त्या शहराने इमारतींच्या उत्सर्जनावर मर्यादा घातली. ती २०२४ पासून लागू झाली आणि मर्यादेबाहेरील प्रत्येक टनामागे २६८ डॉलर दंड ठरला. टोकियोने २०१० साली मोठ्या इमारतींसाठी उत्सर्जनाची मर्यादा व खरेदी-विक्रीची पद्धत आणली, तीही अनेक वर्षे विवरणपत्रे गोळा केल्यावर. ऑस्ट्रेलियात मोठी कार्यालयीन जागा विकताना किंवा भाड्याने देताना तिचे ऊर्जामानांकन जाहिरातीत छापावे लागते. मी आज दंडाची मागणी करीत नाही, हे येथे मुद्दाम नोंदवते. ज्याचे माप नाही त्यावर दंड बसवणे म्हणजे नव्या वादांना आणि नव्या चिरीमिरीला आमंत्रण आहे. आधी माप हवे. परंतु २०३० साठी आज हाती असलेल्या वर्षांत मापच सुरू झाले नाही, तर मर्यादेची चर्चा २०३० नंतरच होईल, हेही उघड आहे.

यास्तव माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

एक : महापालिकेच्या मालकीच्या १०० किलोवॉट व त्यावरील जोडभाराच्या सर्व इमारतींचे मागील तीन आर्थिक वर्षांचे युनिट, डिझेल, पाइप गॅस, शीतकारक वायू आणि क्षेत्रफळ येत्या सहा महिन्यांत महापालिकेच्या संकेतस्थळावर इमारतनिहाय प्रसिद्ध करावे. रुग्णालयांसाठी क्षेत्रफळाबरोबर खाटांची संख्याही द्यावी.

दोन : करनिर्धारण व संकलन खाते आणि बेस्टचा वीजपुरवठा विभाग यांनी मिळून शहर भागातील व्यापारी इमारतींच्या मालमत्ता क्रमांकांना वीजग्राहक क्रमांक जोडण्याचे काम हाती घ्यावे. हे दोन्ही विभाग आपल्याच अखत्यारीत येतात. यासाठी मंत्रालयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

तीन : उपनगरांतील वितरण कंपन्यांनी इमारतीच्या सर्व मीटरांची वार्षिक बेरीज मालकाला व महापालिकेला द्यावी, असा आदेश मिळवण्यासाठी महापालिकेने महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे अर्ज करावा. बेरजेत किमान किती ग्राहक असावेत, याची अट गोपनीयतेसाठी आयोगाने ठरवावी.

चार : जोडभार किंवा करारमागणी कायद्यातील मर्यादेपेक्षा अधिक असलेल्या सर्व व्यापारी इमारतींना वार्षिक विवरणपत्र सक्तीचे करणारा प्रस्ताव महापालिकेने राज्य शासन व महाऊर्जेकडे पाठवावा, एमएमआरडीए आणि इतर विशेष नियोजन प्राधिकरणांच्या हद्दीही त्यात घ्याव्यात, आणि प्रस्तावाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी मराठीत प्रसिद्ध करावा.

पाच : ‘हरित इमारत’ म्हणून ज्यांना कोणतीही सवलत मिळाली आहे त्यांची ती सवलत यापुढे प्रत्यक्ष वापराच्या वार्षिक आकड्यांशी बांधावी.

पहिल्या यादीत चुका असतील. क्षेत्रफळाच्या जुन्या नोंदी, बंद पडलेली मीटर, दोनदा मोजलेले गाळे, हे सर्व त्यात निघेल, आणि चुकीचा आकडा छापला गेलेला मालक दुसऱ्याच दिवशी बरोबर आकडा घेऊन आपल्या दारात येईल. यादी निर्दोष होईपर्यंत थांबवून ठेवण्यापेक्षा दुरुस्तीची मुदत देऊन ती प्रसिद्ध करणे अधिक उपयोगाचे आहे. विवरणपत्राचा दोन पानी नमुना, इमारतीतील मीटरांची जुळणी करण्याची पद्धत आणि शीतकारक वायूच्या नोंदीचा तक्ता मी व माझ्या काही सहव्यावसायिकांनी तयार केला असून तो आपल्या पर्यावरण विभागास कोणत्याही मोबदल्याविना देण्याची आमची तयारी आहे. या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः पाठवू नये. पहिल्या मागणीतील यादी कोणत्या तारखेला प्रसिद्ध होणार, ती तारीख जाहीर करावी.

आपली विश्वासू,
चेंबूर येथील एक रहिवासी व ऊर्जा लेखापरीक्षक